बिट्टन मार्केटमध्ये जळालेली पद्मिनी

बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेऊन काकांनी गाडी सुरू केली आणि दोन मिनिटांत बोनेटच्या फटीतून धूर येऊ लागला. त्यांनी लगेच चावी बंद केली. पेट्रोलचा पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे इंजिन थांबलं तसा तोही थांबला. भाजीवाल्यांनी भिजवलेली पोती आणि मैदानातली माती टाकून आग विझवली. कोणी बोनेट सताड उघडलं नाही हे फार बरं झालं. एकदम हवा मिळाली असती तर भडका तोंडावर आला असता.

काकूंचा निकाल त्याच संध्याकाळी आला. "भंगारात द्या आता. त्या डब्यात मी पुन्हा बसणार नाही." काका गप्प. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "तू इंजिनीअर ना? बघ जरा." मी सॉफ्टवेअरवाला, पण हा फरक आमच्या घरात कोणी मानत नाही.

गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ची ही भारतीय आवृत्ती बनायची. 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

जळालेल्या गाडीत आधी पाहायचं ते आग किती तापली होती. त्याची नोंद धातूंनीच ठेवलेली असते. आमच्या कार्बोरेटरचं जस्ताच्या मिश्रधातूचं झाकण वितळून ओघळलं होतं. तो धातू साधारण ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो. हातभर अंतरावरची ॲल्युमिनियमची पट्टी मात्र जशीच्या तशी, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे आग या दोन आकड्यांच्या मधली. इंजिनाचं हेडही ॲल्युमिनियमचं, पण त्यात पाणी खेळतं असल्यामुळे ते सहसा वाचतं. सहसा, कारण न वितळताही ते वाकू किंवा मऊ पडू शकतं. मिस्त्री चाचांनी हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली, खालून उजेड कुठे दिसतो ते पाहिलं आणि म्हणाले, "इंजन ज़िंदा है." मग खराद्याकडून किंचित घासून घेतलं.

त्याआधी एक मोह टाळावा लागला: सेल्फ मारून बघण्याचा. कार्बोरेटर उघडा पडला होता, वरून माती टाकलेली. एक फेरा फिरवला असता तर ती माती आणि वितळलेलं जस्त थेट सिलिंडरमध्ये गेलं असतं. सगळं खोलून साफ करण्यात दोन रविवार गेले.

काजळीचीही घाई असते. वायरींवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो ओलाव्याबरोबर आम्ल होतो आणि उघडं लोखंड काही दिवसांत गंजू लागतं. म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्याने सगळं धुतलं, स्वच्छ पाण्याने पुन्हा धुतलं, वाळवलं. काकू गॅलरीतून बघत होत्या. "सोड्याचा डबा रिकामा केलात," एवढंच म्हणाल्या.

आगीचं कारण सापडलं: कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप कडक होऊन तडकला होता आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ठिबकत होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर पाइप दिसायला चांगला आहे म्हणून ठेवू नका. 'एसएई जे३० आर९' असं छापलेला पाइप मागा. त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. आम्ही ब्रेकचे होज आणि मास्टर सिलिंडरची रबरंही बदलली, वरून धड दिसत होती तरी. वायरिंग जोडकाम न करता पूर्ण नवं ओवलं, प्रत्येक सर्किटला फ्यूज दिला आणि बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवला. सर्किटचा नकाशा मी काढला. माझ्या पदवीचा तेवढाच उपयोग.

विम्याचं सांगायलाच हवं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आगीचा एक रुपयाही मिळत नाही. थर्ड पार्टीला आग आणि चोरीचं संरक्षण जोडता येतं. जुन्या गाडीची किंमत मात्र कंपनीशी बोलून आधीच ठरवून घ्यावी. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. त्यासाठी काकांना अजून थोडं थांबावं लागेल, आणि ती घेतली की गाडी रोज भाजीला नेता येत नाही, हे त्यांना मुळीच पसंत नाही.

बोनेटचा पत्रा ठोकून बराच सरळ झाला, पण तिरप्या उन्हात लाट दिसते. काकांनी ती तशीच ठेवायला सांगितली. काकूंच्या पायाशी आता एक किलोचं अग्निशामक असतं. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते बघूनच त्या दार ओढून घेतात.