रूप आणि स्थैर्य

जर्मनीतील आउडी कंपनीने १९९५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘टीटी’ या दोन दारांच्या, छोटेखानी पण ऐटबाज मोटारीचा नमुना मांडला. १९९८ साली ती विक्रीस आली. तिचे कमानदार छप्पर, घोटीव पाठ, आतील चामडे व ॲल्युमिनियमची सजावट यांवर रसिक लुब्ध झाले. परंतु त्याच पाठीवरून वेगाने वाहणारा वारा मागच्या चाकांवरील भार हलका करी. ताशी १८० किलोमीटरांपुढे एकाएकी वळविल्यास गाडी हाताबाहेर जाई. प्राणघातक अपघात घडले. तेव्हा कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून मागे वारा आवरणारी पट्टी व घसरण सावरणारी विद्युत्-यंत्रणा बसविली. २००६ सालच्या आवृत्तीत ही पट्टी एरवी पाठीत दडून राही, वेग वाढताच आपोआप वर येई. २०२३ साली उत्पादन थांबले. तोवर रूपाने स्थैर्याशी जुळवून घेतले होते.