अतिविष : ओळख आणि खबरदारी

बालरोगांतील अतिविषाचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. बाळगुटीत उगाळली जाणारी अतिविषाची कळी आणि बालचातुर्भद्र चूर्ण ही त्याची नित्य परिचयाची रूपे होत. मात्र हे द्रव्य आणि बचनाग एकाच ॲकोनिटम प्रजातीतील आहेत. म्हणून येथे ओळखीतील चूक बालकाच्या जिवावर बेतू शकते.

ॲकोनिटम हेटेरोफायलम ही बहुवर्षायू वनस्पती पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत, उंचावरील कुरणांत व वाटांच्या कडेने उगवते. ‘हेटेरोफायलम’ म्हणजे भिन्नपर्णी. तिची खालची पाने लांब देठाची व हृदयाकृती, तर वरची बिनदेठाची व खोडास वेढणारी असतात. शिरस्त्राणाच्या आकाराची फुले हिरवट निळी असून त्यांवर जांभळ्या शिरा दिसतात. त्याच परिसरातील विषारी जातींची पाने बहुधा खोलवर चिरलेली आणि फुले गडद निळी-जांभळी असतात.

आपल्या हाती मात्र पाने-फुले येत नाहीत; येतो तो वाळलेला कंद. येथे निघंटूंतील पर्यायनामे उपयोगी पडतात. ‘शुक्लकंदा’ : आतून शुभ्र. ‘भंगुरा’ : सहज मोडणारी. ‘घुणप्रिया’ : किडीस प्रिय, म्हणून साठवणीत जपावी अशी. आयुर्वेदीय फार्माकोपियातील वर्णनही याच्याशी जुळते. कंद २ ते ७.५ सें.मी. लांब, खाली निमुळता, बाहेरून राखी. मोडल्यास पिठूळ पांढरा, मध्यभागी ४ ते ७ पिवळसर तपकिरी ठिपके. चव कडू, पण जिभेस मुंग्या न आणणारी.

बाजारात नागरमोथ्याचे कंद यात मिसळले जातात. ते तंतुमय व सुगंधी असल्याने मोडताच कळतात. बालचातुर्भद्रात मुस्ता मुळातच असल्याने ही भेसळ चूर्णात दडून जाते आणि औषध निष्प्रभ होते. बचनागाची भेसळ त्याहून घातक. त्यातील ॲकोनिटिन हृदयाची गती बिघडवते. म्हणूनच संशयित कंद चाखून पाहू नये, प्रयोगशाळेकडे पाठवावा.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, अतिविष चूर्णरूपात कधीही विकत घेऊ नये. अखंड कंद घ्यावेत, प्रत्येक पोत्यातील काही मोडून पाहावेत आणि नमुना जपून ठेवावा. ही वनस्पती आज संकटग्रस्त आहे; तेव्हा शक्य तेथे लागवडीचाच माल मागवावा. दुर्मिळता वाढली की भेसळही वाढते. नावात ‘विष’ असूनही जे द्रव्य आपण निःशंकपणे बालकास देतो, त्याची शंका आधी दुकानातच फेडून घेतली पाहिजे.