१०८ : गाडी कोणाची, जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हा ताफा ९३७ गाड्यांचा होता. त्यांतल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसह प्रगत सुविधा, उरलेल्या ७०४ गाड्यांत प्राथमिक जीवरक्षणाची सोय. पैसा सरकारचा, गाड्या, चालक, डॉक्टर आणि पुण्यातला नियंत्रण कक्ष सांभाळण्याचं काम तेव्हा बीव्हीजी या खासगी कंपनीकडे होतं. रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, ही मूळ अट.

या सेवेचं खरं बळ म्हणजे गाडीतला डॉक्टर. अनेक राज्यांत रुग्णवाहिकेत तंत्रज्ञ असतो, इथे डॉक्टरच बसतो. या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ. रस्त्यातच कळा वाढल्या तर गाडी कडेला घेऊन बाळंतपण उरकावं लागतं. तेव्हा बाळाला कोरडं करून उबेत गुंडाळणारे, नाळ कापणारे हात याच डॉक्टरांचे.

मात्र नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर रस्ताच पोचत नाही, तिथे गरोदर बाईला आजही झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. हा रस्ता कंत्राटदार बांधणार नाही; ते सरकारचंच काम आहे. आणि कंत्राट किती गाड्या धावल्या यावर नव्हे, तर फोनपासून किती मिनिटांत पोचल्या यावर जोखायला हवं, तेही तालुकावार आकडे जाहीर करून.