फायर ब्रिगेडची नोकरी : आपल्या तरुणांनी इकडेही पाहावे

कापडाचा धंदा आणि आग यांची ओळख जुनी आहे. गोदामात ताग्यांवर तागे रचलेले, डोक्यावर विजेच्या तारा आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. अशा जागी ठिणगी पडली की पहिला फोन 101 नंबरला जातो. बंब वेळेवर आला तर आपण दुआ देतो, उशीर झाला तर नावे ठेवतो. पण त्या बंबावर आपल्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा का नसावा, हा प्रश्न आपल्या बाजारात फारसा विचारला जात नाही.

सरकारी नोकऱ्यांत मुसलमानांचे प्रमाण किती कमी आहे, हे 2006 साली सच्चर समितीने आकड्यांनिशी दाखवले. त्यावर भाषणे पुष्कळ झाली. आम्ही व्यापारी माणसे. कुठे मागणी आहे, त्यासाठी भांडवल काय लागते आणि जोखीम किती, एवढेच पाहतो. फायर ब्रिगेडच्या नोकरीचा हिशेबही तसाच मांडू.

मुंबई महापालिकेने 2023 च्या सुरुवातीला 910 अग्निशामकांची भरती काढली होती. दहिसरच्या मैदानावर हजारो मुले आली. शिक्षणाची अट बारावी पास आणि 50 टक्के गुण, मग शाखा कोणतीही असो. मुलांसाठी उंची 172 सेंटिमीटर आणि मुलींसाठी 162. वेतनश्रेणी 21,700 ते 69,100 रुपये आणि वर भत्ते. मैदानावर धावणे, दोराने चढणे, शिडी चढून उतरणे, उंचावरून जाळीवर उडी आणि 50 किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणे, अशी परीक्षा. आमच्या बाजारात पाठीवर गठ्ठे वाहणारी मुले आहेत, त्यांना वजनाची भीती दाखवायला नको. कमी पडतो तो दम, आणि तो सहा-आठ महिने रोज फजरनंतर धावल्याशिवाय येत नाही. जाहिरात निघाल्यावर धावायला सुरुवात करणारा मुलगा मैदानावर मागेच राहतो.

आता कागदांची गोष्ट. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मुंबई महापालिकेच्या भरतीत दहावीला 100 गुणांचा मराठी विषय घेऊन पास असण्याची अट असते. उर्दू शाळेतल्या पालकांनी नववीतच चौकशी करावी की मुलाने मराठीचा पूर्ण पेपर घेतला आहे की नाही. दहावी झाल्यावर हे कळले तर दार उघडे असून मुलगा बाहेरच उभा राहील. दुसरे असे की मोमीन, जुलाहा, पिंजारी अशा अनेक कारागीर बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला, जातपडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर हे कागद वेळ खातात. ते आधीच तयार ठेवावेत.

ज्यांना भरतीची वाट पाहत बसायचे नाही, त्यांनी कोर्स करावा. मुंबईत कलिन्याच्या विद्यानगरीत महाराष्ट्र अग्निशमन सेवेची अकादमी आहे. तिथे सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स चालतो. राज्यातल्या अनेक नगरपालिका व महापालिका भरतीत हाच कोर्स मागतात. अधिकारी व्हायचे असेल तर नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, ते 1957 पासून तिथे आहे. गल्लीबोळांत 'फायर सेफ्टी'च्या पाट्या लावलेले क्लास बरेच दिसतात. फी भरण्यापूर्वी त्यांच्या सर्टिफिकेटला सरकारी मान्यता आहे का, ते लेखी विचारावे. आणि पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये.

या विद्येला खासगी बाजारातही मागणी आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतींच्या मालकांना वा भोगवटादारांना आग विझवण्याची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. तो दाखला लायसन असलेल्या एजन्सीकडून घ्यायचा असतो. सिलिंडर भरणे, पंप व पाइप तपासणे हे कारागिराच्या हाताचे काम आहे. फिटर आणि वेल्डर तर आपल्यात भरपूर. कोर्स केलेल्या मुलाने अशा एजन्सीत चार वर्षे काढली तर पुढे स्वतःच्या धंद्याची वाट निघू शकते. रिफायनरी, मॉल, मोठी हॉटेले यांनाही अशी माणसे लागतात.

जोखीम लपवून सौदा करणे आमच्या धंद्यात बसत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. कापसाची गाठ वरून भिजली तरी आतून धुमसत राहते, हे कापूसवाल्यांना ठाऊक आहे. जहाजाचा स्फोट झाला आणि फायर ब्रिगेडचे 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत चार अधिकाऱ्यांचा जीव गेला, त्यांत खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी होते. काळबादेवी म्हणजे आपलाच कापडबाजार. या खात्यात साहेब मागे राहत नाही, तो जवानांबरोबर आत जातो. नोकरीचा हा मानही आहे आणि हीच तिची किंमतही.

शिवाय ड्युटी रात्रीची असते आणि ईदच्या दिवशी सुट्टी मिळेलच असे नाही. पावसात पडलेली झाडे, कोसळलेल्या इमारती, मांजात अडकलेले पक्षी, सगळीकडे यांनाच जावे लागते. मुलीला स्थळ पाहताना लोक अशा नोकरीकडे कसे पाहतात, तेही आम्हाला ठाऊक आहे. परंतु जीव वाचवणाऱ्या माणसाचा दीनमध्ये काय दर्जा आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. रोजी हलाल, पगार पक्का आणि वर लोकांच्या दुआ. एवढे एका धंद्यात मिळणे अवघड.

मार्केटच्या असोसिएशनांनी आणि जमातींनी एवढे करावे. दर वर्षी बारावी झालेल्या चार-पाच मुलांची निवड करावी. त्यांच्या कोर्सची फी द्यावी, जाहिरातींवर नजर ठेवावी, अर्ज भरून द्यावेत. जकातीतून द्यायचे झाल्यास मुलगा हकदार आहे की नाही ते आलिमांना विचारून ठरवावे, नाहीतर मार्केटच्या फंडातून द्यावे. रमजानमध्ये आपला हात मोकळा असतो. त्यातला थोडा पैसा असा लागला तर एका घराची चूल कायमची पेटेल.

आणि तोवर प्रत्येकाने आपल्या गोदामातली वाट मोकळी ठेवावी. आत शिरणारा जवानही कोणाचा तरी मुलगा असतो.