डाटा उतरवला का?

लग्नाच्या रात्री मंगल कार्यालयात सगळ्यात शेवटी दोघंच जागे असतात: भांडी मोजणारा आचारी आणि कार्डं मोजणारा फोटोग्राफर. मोजून नेलेलं मोजून परत आलं का, एवढीच दोघांची चिंता. तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षं हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळला, त्यामुळे ही दुसरी मोजणी मला पाठ आहे. पोरं दमून येत, बॅगा दारात टेकवत, आणि मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "डाटा उतरवला का?" जेवलात का, हे त्यानंतर.

या 'उतरवणे' शब्दाची गंमत मला फार उशिरा कळली. टेम्पोतून पोती उतरवली की टेम्पो रिकामा होतो. वहीत अभंग उतरवून घेतला तर पोथीतला अभंग मात्र जागच्या जागी राहतो. पहिलं उतरवणं हमालाचं, दुसरं लेखनिकाचं. कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेताना आपण नक्की कुठलं उतरवणं करतोय, हे ज्याला कळलं त्याचे फोटो सहसा हरवत नाहीत. पन्नास वर्षांत कॅमेरे बदलले, कार्डं बदलली, केबली बदलल्या, पण हा घोळ काही मिटला नाही.

कॅसेटपासून सुरुवात

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ साली अमेरिकेत रोचेस्टरला, कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं, काळं-पांढरं. ते साठवायला आत चक्क कॅसेट होती, आणि एक फोटो तिच्यावर उतरायला २३ सेकंद लागत. मग ती कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालायची, तेव्हा फोटो टीव्हीवर दिसे. म्हणजे फोटो काढणं वेगळं आणि तो उतरवून घेणं वेगळं, ही विभागणी पहिल्या दिवसापासूनची.

१९९१ मध्ये कोडॅकनंच निकॉन एफ३ कॅमेऱ्याच्या अंगावर बसवलेला डीसीएस हा डिजिटल कॅमेरा आणला. १.३ मेगापिक्सेलचा. त्याची हार्डडिस्क कॅमेऱ्यात मावेना, म्हणून २०० एमबीचा वेगळा डबा खांद्याला अडकवून फिरावं लागे. त्यात १५६ फोटो बसत. किंमत वीस हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे गिऱ्हाईक फक्त वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था. घरगुती माणसासाठी १९९४ साली अॅपलचा क्विकटेक १०० आला. पूर्ण दर्जाचे फोटो आठ. आठ झाले की घरी जा, मॅकला केबल जोडा, कॅमेरा रिकामा करा आणि पुन्हा बाहेर पडा. मधलाच एखादा फसलेला फोटो पुसायची सोय नव्हती. पुसायचे तर सगळे.

सोनीनं १९९७ मध्ये वेगळीच शक्कल लढवली. त्यांच्या मॅव्हिका कॅमेऱ्यात थेट साडेतीन इंची फ्लॉपी जात असे. केबल नाही, ड्रायव्हर नाही. फ्लॉपी काढा, कॉम्प्युटरच्या तोंडात घाला. फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी, त्यामुळे चांगल्या प्रतीचे पंधरा-वीस फोटो झाले की फ्लॉपी बदलायची. पण प्रत्येक कचेरीत फ्लॉपी ड्राइव्ह होताच, आणि हा कॅमेरा चालला तो याच सोयीवर.

केबल बदलली, चहा तोच

त्या काळात बाकीचे कॅमेरे सीरियल पोर्टला जोडत. त्याचा वरचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे जेमतेम अकरा किलोबाइट. एक एमबीला दीड मिनिट. आठ एमबीचं कार्ड पूर्ण भरलेलं असेल तर बारा मिनिटं, तेवढ्यात चहा होई.

१९९६ मध्ये यूएसबी आली. सुरुवातीला तिचा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास. सीरियलपुढे हे विमानच. पण विंडोज ९८ वर कॅमेऱ्याबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी आधी चालवावी लागे, आणि ती सीडी नेमकी कामाच्या दिवशी सापडत नसे. २००१ च्या विंडोज एक्सपीला बहुतेक कॅमेरे आपले आपण ओळखू यायला लागले, तेव्हा स्टुडिओतलं निम्मं भांडण मिटलं. २००० सालच्या यूएसबी २.० नं ४८० मेगाबिटचा दावा केला, हातात पडायचे सेकंदाला तीसेक एमबी. २००८ मध्ये यूएसबी ३.० जाहीर झाली, आणि तिच्यापुढे कार्डच मागे पडू लागलं.

आता जरा हिशेब करा. सीरियलवर आठ एमबी: बारा मिनिटं. यूएसबी २.० वर ३२ जीबी: सतरा-अठरा मिनिटं. नव्या कार्ड-रीडरवर सेकंदाला ९० एमबी देणारं ६४ जीबीचं कार्ड: पुन्हा बाराच मिनिटं. वेग हजारो पटींनी वाढला, पण फायलीही त्याच पटीत फुगल्या. पूर्वी हळदीचे चाळीस फोटो निघत, आता आठशे निघतात, तेही रॉ या जड स्वरूपात. एका कार्डाला एक चहा, हे स्टुडिओचं गणित पंचवीस वर्षांत हललेलं नाही.

कार्डांची जत्रा

ज्या चिपवर हे सगळं उभं आहे ती फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची देणगी, १९८० च्या दशकातली. तिच्यातला मजकूर पुसला जाण्याची रीत पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि त्यावरून नाव पडलं, असं सांगतात. पुढे हीच चिप कॅमेऱ्यात जाऊन बसली.

१९९४ मध्ये सॅनडिस्कनं कॉम्पॅक्टफ्लॅश आणलं, जाडजूड आणि दणकट. त्याच्या कडेला पन्नास भोकं असत आणि कॅमेऱ्यात पन्नास पिना. घाईत कार्ड तिरकं घुसवलं की एखादी पिन वाकलीच, आणि मग टाचणीनं ती सरळ करायला श्वास रोखून बसायचं. पाठोपाठ पापडासारखं पातळ स्मार्टमीडिया, १९९८ ला सोनीची मेमरी स्टिक, २००२ ला ऑलिंपस आणि फुजीचं एक्सडी. ज्याचा कॅमेरा त्याचं कार्ड, ज्याचं कार्ड त्याचा रीडर. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये मिळून जाहीर केलेल्या एसडी कार्डानं हळूहळू सगळ्यांना गिळलं. त्याच्या कडेची छोटी 'लॉक'ची खिटी म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा. आतल्या चिपशी तिचा काही संबंध नाही. रीडरनं ती पाहायची आणि मान राखायचा, एवढंच.

डीसीआयएम नावाचं गाव

कुठलंही कार्ड उघडा, आत 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर असतंच. ही कृपा १९९८ मध्ये जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेनं ठरवलेल्या नियमावलीची. आतली फोल्डरं १०० पासून ९९९ पर्यंत, आकड्यापुढे पाच अक्षरं. फायलींना चार अक्षरं आणि चार आकडे. या एकमतामुळे एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात वाचता येतं.

चार आकडे म्हणजे ९९९९ नंतर पुन्हा ०००१. शिवाय एकाच कंपनीचे दोन कॅमेरे एकाच लग्नात फिरत असले तर दोघांकडे एकाच नावाची फाइल निघू शकते. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकल्या की कॉम्प्युटर विचारतो, 'रिप्लेस करू?' पहाटे तीन वाजता अर्धवट झोपेतलं पोरगं 'हो' म्हणतं, आणि वरपक्षाच्या सीमांतपूजनावर वधूपक्षाची पंगत बसते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर: आधी तारीख, मग आडनाव, मग कॅमेऱ्याचा नंबर.

तसंच घड्याळाचं. प्रत्येक फाइलच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते: वेळ, लेन्स, शटर, सगळं. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं सात मिनिटांनी मागेपुढे असली आणि फोटो वेळेप्रमाणे लावले, तर अक्षता पडायच्या आधीच नवरा-नवरी हार घालून मोकळे दिसतात. निघण्यापूर्वी कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवणं, हे आमच्याकडे नारळ फोडण्याइतकंच नेमाचं.

कॅमेरा थेट जोडायचा तर दोन रीती आहेत. एक, तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. म्हणजे कॉम्प्युटरला घरात मोकळा शिरकाव. दुसरी पीटीपी: कॉम्प्युटरनं दारात उभं राहून फोटो मागायचा, कॅमेऱ्यानं आतून आणून द्यायचा. अँड्रॉइड फोन केबल जोडल्यावर आजही पीटीपीचा पर्याय दाखवतो. स्टुडिओवाले या वादात पडत नाहीत. कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपू नये म्हणून ते कार्ड काढून रीडरला लावतात.

पुसलं म्हणजे गेलं?

आता माझी स्वतःची चूक. लोडशेडिंगच्या काळातली गोष्ट. हळदीचं कार्ड रीडरला लावलं. कार्ड लगेच दुसऱ्या कामाला हवं होतं, म्हणून 'कॉपी'ऐवजी 'कट' केलं. लेखनिकाचं काम हमालाच्या पद्धतीनं. 'कट' मध्ये एकेक फाइल पलीकडे पोचली की कार्डावरून पुसली जाते. निम्म्यावर वीज गेली. यूपीएसची बॅटरी महिन्याभरापूर्वीच मेली होती. वीज आली तेव्हा कार्डावर निम्मे फोटो नव्हते, आणि कॉम्प्युटरवर पोचलेल्यांतल्या बऱ्याच फायली शून्य बाइटच्या: नाव आहे, आत काही नाही. डिस्कवर पक्कं लिहून होण्याआधीच वीज गेली होती.

मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कार्डाला आता कुणी हात लावायचा नाही." हे शहाणपण मोलाचं ठरलं. कार्डावरच्या फॅट पद्धतीत फाइल पुसणं म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलणं आणि तिची जागा मोकळी असल्याचं जाहीर करणं. खतावणीत नावावर काट मारली, पण माल गोदामातच, अशातला प्रकार. नवे फोटो काढले तरच ते त्या मालावर चढतात. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर यादीकडे बघतच नाही. ते सरळ गोदामात शिरतं आणि जेपेग फाइलच्या आरंभीची ठरावीक खूण शोधत जातं.

रात्रभर ते चाललं. बहुतेक फोटो मिळाले, पण मूळ नावं गेली आणि नावांवरून लागणारा क्रम गेला. दोन दिवस बसून मी हळदीचा क्रम अंदाजानं लावला: कुणाच्या गालावर किती हळद, यावरून. एक फोटो अर्धाच आला. वर नवरीच्या मामांचा फेटा, कपाळ, पाणावलेले डोळे. त्याखाली सपाट राखाडी रंग. खाली त्यांच्या हातात काय होतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

हवेतून

पुढे केबलही नको झाली. २००७ मध्ये वायफाय असलेलं आय-फाय कार्ड बाजारात आलं. फोटो काढताच तो हवेतून कॉम्प्युटरवर. पण २०१६ मध्ये कंपनीनं जुन्या कार्डांची सेवा थांबवली, आणि चांगली चालती कार्डं अडून बसली. आता वायफाय कॅमेऱ्यातच असतं. क्रीडा छायाचित्रकार तर मैदानात बसल्या जागेवरून फोटो थेट कचेरीच्या सर्व्हरवर धाडतात. आपल्याकडे 'उतरवणं' म्हणजे व्हॉट्सअॅपवर पाठवणं झालंय. तिथे फोटो पोचतो, पण आवळून, बारीक होऊन. वर्षभरानं मोठी फ्रेम करायला गिऱ्हाईक तीच फाइल घेऊन येतं, तेव्हा त्याला समजावताना घसा कोरडा पडतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

तीन, दोन, एक

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नेम जगभर सांगितला जातो: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. महानुभावांची परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ. आठवणीतून ग्रंथ उभा राहतो. फोटो नाही राहत.

त्या हळदीनंतर स्टुडिओत 'कट' बंद झालं. कार्ड दोन ठिकाणी कॉपी करायचं, दोन्हीकडच्या फायलींचा आकडा आणि एकूण आकार कार्डाशी ताडायचा, मधल्या दोन-चार फायली उघडून बघायच्या. अल्बम गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत तिसरी प्रत मालकांच्या घरी, कपाटातल्या हार्डडिस्कवर. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, आणि दुसऱ्या दिवशी. रात्री कुणी फॉरमॅटला हात लावायचा नाही, कारण रात्री माणूस हमाल होतो.

परवा जुन्या स्टुडिओत गेलो होतो. नवी पोरं, नवे कॅमेरे, प्रत्येकात दोन-दोन कार्डं. एकजण स्क्रीनवर बोट ठेवून मोजत होता. "इकडे आठशे बारा, तिकडे आठशे बारा. दादा, डाटा उतरला." मालकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि कार्डात?"

"कार्डातपण आठशे बारा."

"हां. आता जेवायला बसा."