विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. वाटेत सरहद्द नावाचं स्टेशन लागतं. तिथे प्रवाशांचे परवाने तपासले जातात, कारण पुढचा मुलूख अजून इंग्रजांचा आहे. ईस्ट इंडिया कंपनी बुडालेलीच नाही, फोर्टात तिचा कारभार दिमाखात चालू आहे. फोर्ब्समध्ये नोकरीला असलेल्या मुलाला भेटावं म्हणून ते जातात, तर विनय गायतोंडे नावाचा माणूसच तिथे नाही. मग इतिहासाचा हा प्राध्यापक टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातो आणि स्वतः लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मागवतो. अशोकापर्यंत काही फरक नाही. समुद्रगुप्त, घोरी, औरंगजेब, सगळे जागच्या जागी. पाचव्या खंडात मात्र जग बदललेलं. ते पुढून आणि मागून, दोन्हीकडून पानं उलटत आत सरकतात आणि एका जागी येऊन थांबतात. पानिपत. आणि तिथे मराठे जिंकलेले आहेत.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही जयंत नारळीकरांची कथा. इंग्रजीत ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली आणि देशभरच्या मुलांनी वाचली. मराठी विज्ञानकथेतलं मला सर्वांत थक्क करणारं काही असेल, तर ते या गोष्टीत आहे. एवढा मोठा उलटफेर घडवायला लेखकाने फक्त एक गोळी किंचित सरकवली. आपल्या जगात ती पेशव्यांचे पुत्र विश्वासरावांना लागली, तिथे ती त्यांच्या कानाजवळून निघून गेली.

हे धाडस नारळीकरांकडे कुठून आलं, याचा माग केंब्रिजपर्यंत जातो. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेला आणि बनारसला वाढलेला हा मुलगा १९५७ साली केंब्रिजला शिकायला गेला. त्याच वर्षी फ्रेड हॉइल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी निघाली. सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये एक अवाढव्य काळा ढग येऊन बसतो आणि शास्त्रज्ञांच्या हळूहळू लक्षात येतं की हा ढग विचार करतो. पुढे हॉइलच नारळीकरांचे मार्गदर्शक झाले, आणि १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत दोघांच्या जोडनावाने जगापुढे आला. आपल्या अंगातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात कसा तयार होतो, हे कोडं सोडवणारा माणूस फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, बीबीसीसाठी मालिका लिहितो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही! असा गुरू रोज समोर असताना शिष्याला गोष्ट लिहिण्याचा संकोच कशाला वाटेल?

तरी नाव लपवलंच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं हे नाव. अहमदाबादच्या एका परिषदेत रटाळ भाषण चालू असताना तिची सुरुवात झाली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने उतरवून काढली. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. त्यानंतर ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तकं येत राहिली.

पण एका गोळीने इतिहास बदलू शकतो, हे विज्ञानात बसतं का? कथेत गंगाधरपंतांचा मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना हे दोन टप्प्यांत समजावतो, आणि दोन्ही टप्पे खऱ्या विज्ञानातले आहेत.

पहिला टप्पा कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचा. हे गणित फ्रेंच गणिती रने टॉम यांनी मांडलं. प्लास्टिकची एक फूटपट्टी घ्या आणि दोन्ही टोकांनी दाबा. ती एका बाजूला बाक घेते. आता त्या बाकाला बोटाने हळूहळू दुसऱ्या बाजूला रेटा. बराच वेळ काही होत नाही, आणि एका क्षणी पट्टी फट्दिशी पलीकडे उलटते. शेवटचा रेटा आधीच्यापेक्षा मोठा नसतो, तरी निकाल त्याच्यापाशी लागतो. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी पानिपतावर तसंच घडलं. पारडं वरखाली होत होतं. विश्वासराव पडले, मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. अशा काठावरच्या क्षणी एका शिशाच्या गोळीला लाखभर माणसांइतकं वजन येतं.

दुसरा टप्पा क्वांटमचा. अणूतला इलेक्ट्रॉन अमुक वेळी अमुक जागी असेलच, असं गणित सांगत नाही. इथे असण्याची शक्यता इतकी, तिथे असण्याची तितकी, एवढंच सांगतं. मोजमाप केलं की तो एकाच जागी सापडतो. मग बाकीच्या शक्यतांचं काय होतं? ह्यू एव्हरेट या अमेरिकन संशोधकाने १९५७ साली उत्तर दिलं की त्याही खऱ्या असतात, प्रत्येक आपापल्या जगात. पुष्कळ भौतिकशास्त्रज्ञांना हे पटत नाही, पण गणितात ते बसतं. एका जगातून दुसऱ्यात जाता येतं असं मात्र एव्हरेटही म्हणत नाही. तेवढी एकच उडी नारळीकर कथेसाठी मारतात आणि पुढे पुराव्याला धरून चालतात. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान उरतं, त्यावर गोळी हुकल्याचा मजकूर असतो, आणि राजेंद्रला ते पान पाहूनच पटतं.

आता आम्हा परभणीकरांना या कथेत आमचं जे काही दिसतं, ते सांगतो. पानिपताची मोहीम आपल्या भागातून निघाली. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाचा पराभव केला. मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी याच्या तोफांनी तिथे जी करामत दाखवली, तिच्या भरवशावरच त्या तोफा पुढे उत्तरेला गेल्या. मार्चमध्ये पेशव्यांची छावणी होती जुन्या कागदांतल्या पडदूरला, म्हणजे आजच्या परतूरला. मराठा सरदार दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना पडल्यानंतर तिथे मसलत बसली. उत्तरेत कुणी जायचं? पेशव्यांचे भाऊ राघोबादादा यांच्या आधीच्या मोहिमेने कर्ज करून ठेवलं होतं, म्हणून हिशेबाला चोख असलेल्या भाऊसाहेबांचं नाव ठरलं, सोबत तरुण विश्वासराव. हे परतूर १ मे १९८१ ला जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. परभणीहून मनमाडकडे जाताना सेलूच्या पुढे आजही ते लागतं.

गोळी हुकली असती तर परभणीचं काय झालं असतं, याचं उत्तर नारळीकर देत नाहीत, पण त्यांची रीत हातात असल्यावर विचार थांबत नाही. पानिपतानंतर निजामाने उचल खाल्ली आणि १७६३ मध्ये थेट पुणं जाळलं. त्याच वर्षी गोदाकाठी राक्षसभुवनला त्याचा पराभव झाला, पण राज्य टिकलं, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्या राज्याची रयत होतो. शाळा उर्दूतल्या, कचेऱ्यांची भाषा उर्दू. जिंकलेल्या पानिपतानंतर हे राज्य टिकलं असतं का? मला वाटतं, फार काळ नाही. पण मग त्याच परतूरजवळच्या सातोन्यात १९१३ साली जन्मलेले लेखक बी. रघुनाथ कुठे राहिले असते? त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतलं सगळं जग, तिथली गढी, कारकुनी आणि घुसमट, निजामी राजवटीतच घडलं होतं. दुसऱ्या जगातल्या परभणीत कदाचित सुबत्ता असेल, पण तिथे त्यांची ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी नसेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यांनी गोळी सरकवली ती लढाईच्या दिवशी. परतूरच्या मसलतीवर अशी कथा माझ्या तरी वाचनात नाही. राघोबादादांचं नाव ठरलं असतं तर? विश्वासरावांना पुण्यालाच ठेवलं असतं तर? गारद्याच्या तोफा दख्खनमध्येच राहिल्या असत्या तर? यातल्या एकेका प्रश्नावर एकेक कथा उभी राहील, आणि ती लिहायला सेलू, मानवत, पाथरीच्या एखाद्या मुलामुलीइतकं जवळचं दुसरं कोण आहे?