रेघ पडद्यावरची की कागदावरची?

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला जायचं होतं. रात्री साडेदहाला संपादकांचा फोन आला. "ताई, पणतीच्या उजेडात पांढऱ्या रेघा आल्यात. एक आडवी, दोन उभ्या. आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर प्लेट थांबवायला सांगतो."

मी म्हटलं, "सर, रेघेवरून नजर हलवू नका आणि पान चारशे टक्के मोठं करा." पणती चौपट झाली, रेघा होत्या तशाच, केसाएवढ्या. आठशे टक्क्यांवर उभ्यापैकी एक दिसेनाशी झाली. "आता झोपा. यातलं काही छापलं जाणार नाही," मी सांगितलं. अंक छापून आला, उजेडावर कुठेही रेघ नव्हती.

पुण्यात सव्वीस वर्षं मी डीटीपीचं काम करते. ही तक्रार दर सीझनला येते, आणि तिच्या भीतीपोटी चांगल्या फाइली बिघडवल्या जातात. एका ग्राहकानं रेघा घालवायला सगळं मुखपृष्ठ जेपेग करून पाठवलं होतं. रेघा त्या चित्रात कायमच्या बसल्याच, वर अक्षरांच्या कडाही फुटल्या. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

पणतीचा उजेड, अक्षरांखालची सावली, अर्धपारदर्शक पट्टी या सगळ्याला आम्ही ट्रान्सपरन्सी म्हणतो. पीडीएफमध्ये ही सोय 2001 साली, 1.4 आवृत्तीत आली. पण अनेक छापखाने आजही पीडीएफ-एक्स-1ए मागतात, आणि त्यात ट्रान्सपरन्सी चालत नाही. मग सॉफ्टवेअर चित्र सपाट करतं. म्हणजे उजेडाचे, सावलीचे तुकडे पाडून ते फरश्यांसारखे एकमेकांना लावून बसवतं. दोन फरश्यांत फट नसते. फट दाखवतो तो पडदा.

पडदा चौकोनी पिक्सेलांचा असतो, आणि फरश्यांचा सांधा बरेचदा पिक्सेलच्या मधोमध येतो. कडा खरखरीत दिसू नयेत म्हणून पडदा तिथे रंग पातळ करतो. समजा, तो पिक्सेल म्हणजे पांढरा रुपया. डावा लाल तुकडा त्याचा अर्धा भाग झाकतो. आठ आणे लाल, आठ आणे पांढरा. उजवा तुकडाही अर्धाच भाग झाकतो. पण संगणकाला कोणता अर्धा ते आठवत नाही, तो उरलेल्या पांढऱ्यातला अर्धा रंगवतो. चार आणे पांढरा शिल्लक राहतो. असे पिक्सेल एकाखाली एक आले की रेघ तयार!

प्लेटवर हा हिशेब होत नाही. प्लेट काढणारं यंत्र साधारणपणे एका इंचात 2400 टिंबं टाकतं आणि टिंब एकतर असतं किंवा नसतं, अर्धं कधीच नसतं. आकार टिंबाला नुसता शिवला तरी ते भरायचं, असा नियम आहे. त्यामुळे सांधा भरून जातो.

खात्री करायची रीत सोपी आहे. पान मोठं करत जा. रेघ चित्राबरोबर जाड झाली तर दोष खरा आहे, लगेच कळवा. बारीकच राहिली, सरकली किंवा नाहीशी झाली तर ती पडद्याची आहे. ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये, पेज डिस्प्लेखाली 'स्मूथ लाइन आर्ट' आणि 'स्मूथ इमेजेस' बंद करूनही पाहा. रेघा गेल्या तर चिंता मिटली. आणि छापखाना पीडीएफ-एक्स-4 घेत असेल तर तेच द्या. त्यात तुकडे पाडावेच लागत नाहीत.

पण पडदा उलटही फसवतो, आणि ते जास्त महागात पडतं. एका पत्रिकेत लाल पट्टीवर नावं होती. आधी ती काळी होती, ओव्हरप्रिंट लावलेली, म्हणजे खालचा लाल न कापता त्याच्यावरच छापायची. नंतर मी ती पांढरी केली, ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. पडद्यावर नावं स्वच्छ वाचता येत होती. छापून आली ती कोरी लाल पट्टी. पांढरा म्हणजे शाई नाही, आणि शाई नसलेलं अक्षर लालवर 'छापलं' तर लालच उरणार. वधूच्या वडिलांच्या हातातला तो गठ्ठा मी विसरलेले नाही. तेव्हापासून ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये ओव्हरप्रिंट तपासल्याशिवाय माझ्याकडून एकही फाइल बाहेर जात नाही. तसंच नाजूक चौकटीचं. 0.1 पॉइंटची रेघ पडद्यावर ठसठशीत दिसते, कागदावर तुटते. 0.25 पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवू नका.

प्रूफ मोबाइलवर पाहून 'ओके' कळवू नका. संगणकावर उघडा, मोठं करून पाहा, ओव्हरप्रिंट तपासा. तरीही शंका राहिली तर छापखान्याकडून कागदावरचं प्रूफ मागवा आणि सही त्यावरच करा.